मामा, मिशी आणि काळी माती

बुऱ्हाणपूरच्या वेशीआतल्या आणि वेशीबाहेरच्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या बायकोचे मामा या गावात आहेत तोवर इथे कोणाचेही गुपित सुरक्षित नाही. यात त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं ते पॉवरलूमच्या कारखान्यात मिस्त्री होते. पन्नास-साठ माग एकदम धडधडत असताना माणसाला बोलायचं तर ओरडावंच लागतं. पुढे कारखाना सुटला, ओरडणं मात्र सुटलं नाही, आणि कानांनी तर मालकाच्या आधीच मामांना रजा दिली होती. आता मामा आपल्या कानाशी लागून काही सांगतात, तेव्हा इतवाऱ्याच्या बाजारात मेथी निवडणारी बाई मान वर करून बघते. मी मुलगी बघायला गेलो होतो त्या दिवशी, माझ्या हातात पोह्यांची बशी असताना, मामा मामींच्या कानात कुजबुजले, "पोरगा बरा आहे. कान जरा मोठे आहेत, पण चालून जाईल!" हे माझ्या वडिलांनी ऐकलं, शेजारच्यांनी ऐकलं आणि खाली उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानंही ऐकलं. निघताना त्यानं वाकून माझे कान पाहिले, हे मी विसरलेलो नाही.

मामांना ऐकू येत नाही म्हणून कळत नाही, असं समजणारे मात्र हमखास फसतात. मागांच्या गोंगाटात काम करणारी माणसं ओठ वाचायला शिकतात. मामा त्यात इतके तयार आहेत की लग्नाच्या मंडपात दुसऱ्या टोकाला बसलेल्या व्याह्यांनी भाताला काय नाव ठेवलं, ते स्वयंपाक्याला पहिल्यांदा मामांकडून कळतं. मामींनी तर नवऱ्याशी बोलताना आवाज वापरणं केव्हाच सोडून दिलंय. त्या नुसते ओठ हलवतात, मामा समजतात आणि गावाला ऐकू जाईल असं उत्तर देतात. त्यामुळे त्यांच्या घरातल्या भांडणात शेजाऱ्यांना कायम एकच बाजू ऐकू येते, आणि साहजिकच सगळे मामींच्या बाजूचे आहेत. माझ्या बायकोची आई लवकर गेली. तिला याच दोघांनी वाढवलं, शिकवलं आणि माझ्या कानांसकट मला पसंत केलं.

आता मूळ मुद्दा. बावीस वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर आम्ही शहराबाहेर, केळीच्या मळ्याला लागून एक प्लॉट घेतला. हवा छान, शेजार छान, पण जमीन काळी. काळी माती केळीला आईसारखी आणि घराला सावत्र आईसारखी वागते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वर उभ्या भिंतींना दरवर्षी वर-खाली करते. प्लॉट दाखवायला नेलं त्या मे महिन्यात जमिनीला अशा भेगा होत्या की माझ्या स्कूटरची किल्ली एकीत पडली ती पडलीच. मामा भेगेत वाकून बघत म्हणाले, "जावईबापू, किल्ली गेली तर जाऊ द्या. घर नको जायला."

हे ते बोलू शकत होते, कारण त्यांचं स्वतःचं घर तसंच चाललं होतं. तरुणपणी त्यांनी एका गोड बोलणाऱ्या ठेकेदाराकडून काळ्या मातीवर उथळ पायाचं घर बांधून घेतलं होतं. भिंती पाच-सहा वर्षांतच तडकल्या. मामी तड्यांवर कॅलेंडरं लावतात. तडा वाढला की मोठं कॅलेंडर. त्यांच्या पुढच्या खोलीत आज अकरा कॅलेंडरं आहेत आणि त्यांतली आठ जुन्या सालांची आहेत. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचं दार असं अडकलं की मामी दुपारभर आतच राहिल्या, आणि त्यांनी आतून मारलेल्या हाका मामांना ऐकूच आल्या नाहीत. "त्या वेळी मी त्या ठेकेदाराचं हसणं बघितलं," मामा म्हणतात, "ओठ नाही बघितले." तेव्हा आमच्या घराचा ठेकेदार कोण आणि पाया कसा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला. आम्ही दिला नव्हता, पण तो तपशील झाला.

मामांची पद्धत अशी. नवं घर बघायचंच नाही. "नवी नवरी आणि नवं घर, दोन्ही चांगलीच दिसणार!" हे ते एका वास्तुशांतीत, नव्या नवरीसमोर म्हणाले. घर बघायचं ते पाच उन्हाळे खाल्लेलं, आणि तेही न कळवता. मी मागे हात जोडून उभा, मामा पुढे. आत शिरायचे, चपला काढायचे, भिंतीवर डोळे मिटून तळहात ठेवायचे, जसा ते चालू मागावर ठेवत असत. मग घरधन्याला ओलांडून थेट घरच्या बाईला विचारायचे, "ताई, तुमचं दार कोणत्या महिन्यात अडकतं?" या एका प्रश्नानं जी बाई बोलायला लागायची! एका घरी नवरा सांगत होता, "एकदम फर्स्ट क्लास काम है, माझ्या साडूनंच केलंय," आणि मागून बायको मोजत होती, "श्रावणात न्हाणीचं, भादव्यात देवघराचं, आणि तुमच्या साडूचं नाव काढलं की माझं डोकं!" आम्ही चहा घेऊन निघालो तेव्हा दोघं साडूला फोन लावत होते. अशी चौदा घरं झाली. एका माणसानं मध्ये तयार पत्र्याच्या भिंतींचं घर चाळीस दिवसांत उभं करून द्यायची तयारी दाखवली. मामांनी त्याच्या नमुन्याच्या भिंतीला टिचकी मारली आणि माझ्या कानात सांगितलं, "ह्याच्यात खिळा ठोकला तर शेजारणीच्या देव्हाऱ्यात निघेल!" तो माणूस शांतपणे आपले कागद गोळा करू लागला.

पण माझं मन बसलं होतं ते एका चकचकीत बिल्डरच्या ऑफिसवर. थंडगार हवा, काचेची केबिन आणि कॉम्प्युटरवर आमच्या घराचं चित्र. चित्रात हिरवळ होती, लांबलचक गाडी होती आणि एक सोनेरी केसांची बाई कुत्रा फिरवत होती. बायको चित्राकडे बघून हरखून गेली होती. मीही गेलो होतो. मामांनी एकच शंका काढली, "ही बाई घराबरोबर येते का?" बिल्डर हसला, फारच छान हसला. पायाचं विचारल्यावर म्हणाला, "अंकल, टेन्शनच घेऊ नका. मातीच्या हिशेबानंच करू." मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो "एक मिनिट" म्हणून काचेच्या केबिनीत गेला आणि आपल्या इंजिनिअरशी बोलू लागला. काच जाड होती. आवाज बाहेर यायचा प्रश्नच नव्हता.

मामा खुर्चीत पुढे सरकले आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखं सांगू लागले, "'काली मिट्टी है... है तो है... चार फुट में निपटा दो... ऊपर टाइल चमका दो, पार्टी खुश!'" बाहेर आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबं बसली होती. त्यांतल्या एका आजोबांनी कोल्ड्रिंकचा ग्लास खाली ठेवला. दुसऱ्या कुटुंबातल्या बाईनं पर्स उचलली. बिल्डर हसत बाहेर आला तेव्हा सगळे उभे होते आणि त्याचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मी त्याला नमस्कार केला. का केला, हे आजही सांगता येणार नाही. खाली उतरल्यावर बायको मामांवर चिडली, "मामा, चारचौघांत कशाला? हळू सांगायचं ना!" मामांनी निरागसपणे विचारलं, "हळूच तर सांगितलं?"

शेवटी ज्या घरी बाईनं "दार? कोणतंच नाही बा अडकत," असं सांगितलं, त्या घराचा ठेकेदार आम्ही शोधला. तो डोईफोडिया गावाकडचा. ऑफिस नाही, चित्र नाही, हसणं तर नाहीच. प्लॉटवर आला, माती चिमटीत धरली आणि म्हणाला, "आधी खड्डा, मंग गप्पा." काळी माती कुठवर आहे ते खड्डा खणून बघितलं आणि मगच पद्धत सांगितली. जमिनीत खोलवर गोल भोकं पाडायची, ती तळाशी घंटेसारखी रुंद करायची, लोखंड आणि काँक्रीट भरून त्यांचे खांब करायचे, खांबांवर तुळया आणि तुळयांवर भिंती. वरची माती फुगो नाहीतर आक्रसो, घर खालच्या पक्क्या थरावर उभं. मला पटलं. बायकोला पटलं. मामा मात्र ढिम्म. माणसाच्या ओठांवर एवढी मोठी मिशी होती की मामांना त्यातलं अक्षरही वाचता येईना. "काम चांगलं असेल," ते माझ्या कानात गर्जले, "पण हा झाडीत लपून बोलतोय!" ठेकेदारानं ऐकलं. अर्थात ऐकलं. आम्हाला वाटलं, हाही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्लॉटवर आला तो ओठांपुरती मिशी छाटून. मामांसमोर उभा राहिला आणि तेच सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. मामांनी त्याचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हाच." घर त्या दिवशीच अर्धं झालं, असं मी मानतो. उरलेलं अर्धं व्हायला सव्वा वर्ष लागलं, आणि ते सव्वा वर्ष मामा छत्री घेऊन रोज प्लॉटवर होते.

वास्तुशांती मामांच्या हट्टानं घरावरून एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावरच केली. एकही दार अडकलं नव्हतं. जेवणं झाल्यावर बायको मामांना पूर्वेकडच्या खोलीत घेऊन गेली. ही खोली नकाशात पाहुण्यांची होती, आणि तिच्यावरून मामांनी ठेकेदाराशी वादही घातला होता की पाहुण्यांना एवढी हवा कशाला, राहून जातील. बायको त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मामींसारखे नुसते ओठ हलवत काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. ही खोली तुम्हा दोघांची.

मामांनी भिंतीवर तळहात ठेवला. मग खरोखरच हलक्या आवाजात, त्यांना जमेल तेवढ्या हलक्या, म्हणाले, "भाचीच्या सासरी जाऊन राहायचं? लोक काय म्हणतील, बेटा? आमचं चाललंय तिकडे." त्यांनी माझ्याकडेही बघितलं. मी मान हलवून नाही म्हणालो, म्हणजे लोक काही म्हणणार नाहीत. त्या तडकलेल्या घरात ही दोन म्हातारी माणसं आणखी किती पावसाळे काढणार, हाच विचार आम्ही दोघं पाया खणल्यापासून करत होतो, आणि आता सगळंच त्यांच्या एका होकारावर अडलं होतं. मामा छत्री चाचपत दाराकडे निघाले. तेव्हा पावणेपाच फूट उंचीच्या मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज फारसा ऐकला नव्हता. त्या दिवशी तो सगळ्या पाहुण्यांनी ऐकला, आणि मी शपथेवर सांगतो, मामांनीही.

"अगं पोरी, हे आधी बोलायचं ना! ओटा दोन इंच खाली नसता का घ्यायला लावला मी!"