खाटेखालचा माग

माझा पाय मोडला तेव्हा घरात खाट टाकायला एकच जागा सापडली, मागाच्या खड्ड्यावर. आम्ही विणकर. आमचा हातमाग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. पोरानं खड्ड्यावर फळ्या टाकल्या, मागाची वरची लाकडं छताला बांधली आणि मला वर निजवलं.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी काठी घेऊन चाला. मी आठ महिने पडून राहिलो. खोटं कायले सांगू, मजेत होतो. चहा हातात, तर्रीपोहे हातात, नात पेपर वाचून दाखवायची. कोणी आलं की जरा कण्हायचं, मग पोरगा धरून चालवत नाही, बायकोला सवड नाही, असा पाढा वाचायचा.

शेजारी एक सिस्टरबाई राहतात. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती. त्या रोज संध्याकाळी माझ्याकडून पायाचा व्यायाम करून घ्यायच्या. एकदा त्यांनी पिशवीतून शुभवर्तमान काढलं आणि गोष्ट वाचली. एक माणूस अडतीस वर्षं आजारी, तळ्याकाठी पडलेला. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होणार. येशूनं त्याला विचारलं, तुला बरं व्हायचं आहे का? तो म्हणाला, मला पाण्यात सोडायला कोणी नाही, माझ्या आधी दुसराच उतरतो.

"बरोबर बोलला बिचारा," मी म्हणालो.

"भाऊ, त्याले विचारलं काय, अन् तो सांगून काय राहिला?" सिस्टरबाई म्हणाल्या.

आत भाकरी थापता थापता बायको खदखदून हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मी व्यायामाला पाय पुढे केला नाही. पण त्या तळ्याकाठी मीच पडलेला होतो, हे मला ऐकतानाच कळलं होतं. राग त्याचाच होता.

तिसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, "बाबा, सोमवारी गवंडी येऊन राहिला. खड्डा बुजवून टाइल्स लावतो. तुमाले आता कुठं विणाचं आहे?" त्याचं काय चुकलं? बापाच्या हातचा माग मीच खाटेखाली गाडला होता. 

सोमवारी गवंड्यानं दारात वाळू ओतली. तो आणि पोरगा मला खाटेसकट उचलायला वाकले.

"हात नोका लावू," मी म्हणालो.

काठीवर उभा राहिलो. पाय लटपटत होता. खाट एका अंगानं उचलली, भिंतीला उभी केली. पोराला म्हटलं, फळ्या काढ. मग खड्ड्याच्या काठावर बसून पाय खाली सोडले. तळव्यांना मागाच्या पावड्या लागल्या, पायानं दाबायच्या पट्ट्या. उजवी दाबली, डावी दाबली. दुखलं, पण दबली. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो आणि इतका खूश झालो की काही विचारू नका. बायकोनं गवंड्याला वाळू न्हाणीकडे टाकायला लावली, तिथं फरशी फुटलेलीच होती.

दुपारी सवयीनं हाक मारली, "चहा!"

आतून बायको म्हणाली, "तुमाले चहा पायजे का?"

मी हो म्हणालो आणि उठून आत गेलो.