मुद्दाम मोडलेलं पान

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायचं काम चालायचं. तिथल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामरना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. कुणाचा प्रोग्राम अडला, की त्यांच्या टेबलाशी जायचं. मान वर न करता, 'सांगा'साठी कानडी शब्द वापरत ते विचारायचे, "हेळ्री, कुठं अडलं?"

स्टॅटिक मेथड या प्रोग्राममधल्या थेट वापरता येणाऱ्या सोयीवर त्यांचा फार जीव. "आधी ऑब्जेक्ट बनवायची भानगड नाही. क्लासचं नाव घ्या, विचारा, उत्तर घेऊन जा. ती मागचं काही मनात धरत नाही." आम्हीही त्यांच्याकडे तसेच जायचो. शहरातल्याच उणकल भागात त्यांचं घर नेमकं कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्यांचे वडील गेले. दिवसकार्य उरकून, मुंडण केलेले अण्णा थेट खुर्चीत येऊन बसले. सगळ्यांनी माना स्क्रीनमध्ये घातल्या. मी उठून त्यांच्या टेबलाशी गेलो.

"हेळ्री, कुठं अडलं?"

माझं काहीच अडलं नव्हतं. जागेवर परतलो, चालू प्रोग्राममधला 'स्टॅटिक' शब्द पुसला आणि वेबसाइटचं पान उघडेना असं सांगून त्यांना बोलावलं. ते शेजारी बसले. चूक त्यांना बघताक्षणी कळली. एवढा एक शब्द परत लिहायला मात्र त्यांनी बराच वेळ लावला.

उठताना हळूच म्हणाले, "उद्या पण काहीतरी मोडून ठेवा की."