गाडीतला गॅस आणि माझ्या हाताची चव

गाडीत राहायचं हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात निवृत्तीच्या आधीपासून होतं. तो चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होता. पाळी सुरू होण्याआधी खाली उतरायचं, हवेत गॅस आहे का ते तपासायचं आणि मगच माणसं आत सोडायची, हे त्याचं काम. आयुष्य जमिनीखाली गेलं, आता उरलेलं उघड्यावर काढू, असं म्हणायचा. त्यानं शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि मूल गावातल्या एका मिस्तरीकडे तिचं घर करायला दिली. मागे पलंग, मधे कपाटं, दाराजवळ ओटा. मी नगरपालिकेच्या शाळेतल्या नोकरीतून नुकतीच सुटले होते, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. मला नाही म्हणायला कारण नव्हतं. खरं म्हणजे मलाही जायचं होतं.

आमचं वाजलं ते गॅसवरून.

मिस्तरीचं शेड राइस मिलला लागून होतं. गाडीचा पत्रा कापून तो विचारत होता, "बाई, खोका केवढा करू? सिलेंडर कोणता ठेवून राह्यले ते सांगा, मंग कापतो."

घरचा मोठा लाल सिलेंडर गाडीत ठेवायचा नसतो, एवढं आम्हा दोघांनाही माहीत होतं. फायबरचा एक हलका सिलेंडर मी चंद्रपूरला पाहून आले होते. उजेडात धरला की आत किती गॅस उरला ते दिसतं. मला तो फार आवडला होता, पण तो भरून मिळणार मोठ्या शहरातच, म्हणून मीच त्याचा नाद सोडला. मला एजन्सीचे पाच किलोवाले दोन हवे होते. रिकामा द्यायचा, सीलबंद घ्यायचा. तोंड तपासलेलं, वजन बरोबर.

नवऱ्याला बाजारातला हवा होता. बिननावाचा, निळ्या रंगाचा, आठवडी बाजारात मिळतो तसा. तो कुठल्याही गावात भरून मिळतो, कारण दुकानदार मागच्या खोलीत घरगुती सिलेंडर उलटा टांगून त्यातून भरून देतात.

"अन् मुलचेऱ्याच्या पुढं जंगलात तुले एजन्सी कुठी भेटते?" तो म्हणाला. "तिथी काय गोवऱ्या थापाच्या?"

"पण तो भरते कोण, कसा भरते, काही ठाव नाई."

"गॅस मले शिकवतं काय तू?"

शेवटी नवऱ्यानंच निकाल लावला. एक एजन्सीचा, एक बाजारचा. "एक तुया, एक माया," असं म्हणाला आणि हसला. मिस्तरीनं गाडीच्या कुशीत बाहेरून उघडणारा खोका केला. गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून खोक्याच्या तळाला भोकं पाडली, सिलेंडर हलू नये म्हणून लोखंडी पट्टा लावला. एजन्सीचा त्यात नीट बसला. निळा बसेना, त्याचं पोट जास्त होतं. तो नवऱ्यानं आत, ओट्याखाली ठेवला. मी बोलले, पण तेव्हा माझं बोलणं घरात फारसं चालत नव्हतं. त्याचं कारण सांगते.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात नवऱ्याला मोठा ताप आला होता. उठला तेव्हा अर्धा झाला होता. दवाखान्यात तो एकटाच जायचा, मी सोबत आलेली त्याला चालत नसे. ताप गेला आणि जेवणावरून कटकट सुरू झाली. भाजी पुढे सरकवायचा. "काही चवच नाई." मी मीठ वाढवलं, तिखट वाढवलं. मग तेल बदललं. मसाला घरी कुटला, तो आवडेना म्हणून बाजारचा आणला. त्या तिखटानं माझ्या पोटात आग पडायची आणि त्याचं आपलं तेच, "पहिल्यासारखं नाई राह्यलं." फोनवर मुलीलाही सांगायचा. ती एकदा मला म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तुझं स्वयंपाकात लक्ष नसतं आजकाल. बरी आहेस ना?"

माझी एक गोष्ट लोक नावाजायचे, ती म्हणजे हाताची चव. शाळेत माझ्या डब्यावर उड्या पडायच्या. लाखोरीच्या डाळीचे वडे करावेत तर मीच, असं नात्यात बोललं जायचं. त्या वर्षात मला पटलं की ते गेलं. वय झालं की गळ्यातला सूर जातो, तसं काही झालं असेल. मी चाखून पाहायचे तर मला बरं लागायचं, पण मग वाटायचं, आपली जीभच बिघडली.

गाडी तयार झाल्यावर पहिली फेरी नागभीडला, माझ्या नणंदेकडे झाली. तिनं वांग्याची भाजी केली होती, अगदी साधी. नवरा बोटं चाटत म्हणाला, "याले म्हणतेत सयपाक." नणंद सुखावली. मला पाणी देताना हळूच म्हणाली, "मनावर नका घेऊ वयनी. वय झालं का हाताची चव जाते." परतीच्या वाटेवर मी खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत बसले.

तरी ते फिरणं चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही मोहाच्या दिवसांत गडचिरोलीकडे गेलो. पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली फुलं वेचत असायच्या. सगळा रस्ता त्या वासानं भरून जायचा, डोकं जड व्हायचं. मी म्हणायचे, "किती वास सुटला." तो थोडं थांबून म्हणायचा, "हो." एकदा त्याच्यासमोर दूध उतू जाऊन करपलं, तो तिथंच बसून रेडिओचे सेल बदलत होता. मी धावत आले आणि त्यालाच बोलले, की डोळ्यांदेखत जळतं तरी उठवत नाही. त्यानं ऐकून घेतलं.

सिलेंडर मात्र तो मला हात लावू देत नसे. बदलला की साबणाचं पाणी करायचा, ब्रशनं जोडावर लावायचा आणि बुडबुडे येतात का ते वाकून बघायचा. "वासावर भरवसा ठेवणारा माणूस खाणीत टिकत नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. खाणीतल्या गॅसला वासच नसतो, म्हणून ते तिथं खरंही होतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. निदान या बाबतीत माणूस पक्का आहे, असं वाटायचं.

पावसाळा संपल्यावर आम्ही मुलचेऱ्याकडे गेलो. तिकडे निर्वासित बंगाल्यांची गावं आहेत, पन्नास-साठ वर्षांपूर्वी येऊन वसलेली. अशाच एका गावाच्या कडेला बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर गाडी लावली. एजन्सीचा सिलेंडर संपला होता. आदल्या दिवशी बाजारात नवऱ्यानं निळा भरून आणला होता. दुकानदारानं घाईत भरला, गर्दी होती. संध्याकाळी आम्ही चिवडा खाऊन निजलो, म्हणून तो जोडलाच नव्हता.

सकाळी बोडीत कपडे धुणाऱ्या एका बाईशी माझी ओळख झाली. माझ्याच वयाची होती. तिच्या परसात वालाच्या शेंगा होत्या, त्या द्यायला मला घरी घेऊन गेली. जाताना मी नवऱ्याला म्हटलं, "चहा मी येऊन टाकते." तो म्हणाला, "मीच टाकतो, तू ये."

शेंगा ओच्यात घेऊन मी परत आले, सोबत ती बाईही होती, तिला गाडी आतून पाहायची होती. हवेत गारवा होता म्हणून नवऱ्यानं काचा लावलेल्या. मी दार ओढलं आणि वासाचा लोटच अंगावर आला. सडक्या कांद्यासारखा तो वास, कोणालाही कळेल असा. त्या बाईनं मागून माझा दंड धरला. "दीदी, रुको. गॅस निकला है."

नवरा ओट्यासमोर उभा होता. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात लायटर. पातेलं त्यानं शेगडीवर ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "आली काय? साखर कुठी ठेवली तू?"

मी आत कशी शिरले ते मला सांगता येणार नाही. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"काऊन? काय झालं?"

"वास येऊन राह्यला ना."

"कायचा वास?"

त्याच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. मी लायटर काढून घेतला, दाराबाहेर फेकला. काहीतरी झालं आहे एवढं त्याला कळलं आणि त्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला, मी तोही धरला. बटणाच्या ठिणगीनंही पेट घेतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं. मग मी त्याला ढकलतच खाली उतरवलं. त्या बाईनं बाहेरून काचा सरकवल्या. नवऱ्यानं श्वास धरून आत जाऊन सिलेंडरची चावी घट्ट केली, नळी काढली, तरी तोंडाशी बारीक सूं आवाज येतच होता. आम्ही तिघांनी तो उचलून पाळीच्या पार टोकाला नेऊन उभा केला. तोंडातला रबराचा वायसर फाटलेला होता. भरताना फाटला असेल. साबणाचं पाणी त्या दिवशी त्यानं केलं नव्हतं. चहाची तलफ आली होती, एवढंच.

ती बाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दादाको सर्दी है क्या?"

ती आम्हा दोघांकडे आलटून पालटून बघत राहिली, मग माझ्या ओच्यातून सांडलेल्या शेंगा गोळा करून माझ्या पायाशी ठेवल्या आणि निघून गेली.

आम्ही पाळीवर बसलो. गाडीची सगळी दारं सताड उघडी. मी विचारलं, "कदीपासून?"

"तापापासून."

"डॉक्टरले सांगतलं?"

"सांगतलं. तो म्हणे, येईल परत. काही लोकायले येत नाई, म्हणे."

"थोडा तरी येते?"

"काहीच नाई. खारट, गोड, तिखट तेवढं जिभेले समजते. बाकी सारं माती."

मला आधी त्याची कीवच आली. दोन हिवाळे झाले, हा माणूस माती खातो आहे. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवणारच होते. पण मग दुसरं काहीतरी वर आलं.

"मंग माया हाताची चव?"

त्यानं पायाजवळचा एक खडा उचलून बोडीत टाकला.

"तुमच्या बहिणीकडं वांगे खाल्ले, बोटं चाटले. ते कसे लागले?"

"नाईच लागले," तो म्हणाला. "तिथी काही तरी बोला लागते ना."

"अन् माया घरी?"

"मले वाटलं, येईल परत. मंग सांगाची गरजच नाई."

एवढंच. माफी नाही, काही नाही. खाणीत लोक त्याच्या शब्दावर खाली उतरायचे, तो माणूस अधू झाला हे कोणाला कळायला नको होतं, हे मी समजू शकते. पण त्यानं नुसतं लपवलं नाही. त्यानं ते माझ्यावर टाकलं. मुलीला सांगितलं, बहिणीला सांगितलं, मला रोज दोन वेळा सांगितलं, आणि मी तिखट वाढवत राहिले.

निळा सिलेंडर तिथंच पूर्ण रिकामा होऊ दिला आणि येताना मूलच्या मिस्तरीकडे मोडीत टाकला. एजन्सीचा दुसरा घेतला, खोका मोठा करून दोन्ही त्यात उभे केले. फरशीजवळ गॅस झाला की वाजणारं यंत्र बसवलं. मिस्तरीनं विचारलं, "भाऊ, काही झालं काय?" नवरा म्हणाला, "काही नाई. बाई घाबरते."

मी वाट पाहिली. मला वाटलं, मुलीला तरी तो स्वतः सांगेल. तिचा फोन आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे, म्हणजे त्याला बोलता यावं. तो हवेबद्दल बोलायचा.

संक्रांतीला आम्ही पुन्हा नागभीडला गेलो. नणंदेनं मुद्दाम मला वडे करायला लावले. घरातले सगळे खात होते, चांगले झाले म्हणत होते. नवरा एक वडा मोडून म्हणाला, "पहिल्यासारखं नाई जमत आता हिले." सवयीनंच म्हणाला असावा. त्याचं त्यालाच कळलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही.

मी कढईतला झारा बाजूला ठेवला आणि म्हटलं, "यायले वास येत नाई. तापापासून. वासही नाई अन् चवही नाई. तुमच्या घरचे वांगेही यायले मातीच लागले होते."

नणंद भावाकडे बघत होती. तो उठला, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसला. नणंद मला म्हणाली, "वयनी, चारचौघांत नव्हतं सांगाचं." मी तिला विचारलं, की माझ्या हाताची चव गेली हे तुम्ही किती जणांत सांगितलं. ती ताटं गोळा करू लागली. तेव्हापासून तिच्या घरी वाईट मी आहे. मुलगीही म्हणाली, "आई, बाबांना किती लागलं असेल." लागलं असेल. मला काय लागलं ते तिनं अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर गाडी फारशी निघाली नाही. तो म्हणतो गुडघे दुखतात. तिच्यावर ताडपत्री टाकली आहे. दोन्ही सिलेंडर मी एजन्सीला परत केले, उभ्या गाडीत भरलेले कशाला ठेवायचे.

स्वयंपाक मी पूर्वीसारखाच करते, माझ्या तोंडाला बरं लागेल असा. तिखट कमी केलं, पोटातली आग गेली. ताट वाढलं की तो हल्ली विचारतो, "आज काय केलं? लसूण टाकला काय?" त्याला नाव कळलं की त्याला जुनी चव आठवते, असं एकदा म्हणाला होता. मग मी सांगते, लसूण आहे, जवसाची चटणी आहे, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आहे. कधी कधी सांगते. कधी नुसतं वाढते.