अरबीकाकांची शपथ

मला आजवर बसलेल्या धक्क्यांपैकी निम्मे तरी एकट्या अरबीकाकांनी दिलेले आहेत. पहिला धक्का, ते दिसले त्याच दिवशी बसला. वाईच्या वैदिक घराण्यात जन्मलेला, शेंडी राखणारा, सोवळ्यात जेवणारा हा वडिलांचा मित्र सांगलीच्या घाटावर मांडी घालून खणखणीत अरबी म्हणत होता. लहानपणी थोरला भाऊ त्यांच्या संस्कृत पाठांतरात सारख्या चुका काढी, म्हणून ज्या भाषेत भावाला चूक काढताच येणार नाही अशी भाषा त्यांनी मिरजेच्या एका मौलवींकडे जाऊन शिकून घेतली, असं वडील सांगत. दुसरा धक्का थेट माझ्यावरच कोसळला. पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून मी घरी परतले होते, कॉलेजसाठी दुसरी भाषा हवी होती, संस्कृतचा गंध नव्हता. वडिलांनी मला सरळ काकांच्या हवाली केलं. आत्या दोन दिवस नीट जेवली नाही.

काकांची एकुलती एक विद्यार्थिनी मी. त्यांचा जीव अरबी अलंकारशास्त्रावर. त्यातलंही एकच कलम त्यांना वेदवाक्यासारखं होतं. ऐकणाऱ्याचं मन कोरं असेल तर त्याला साधं वाक्य सांगावं. त्याला शंका असेल तर जोर देऊन सांगावं. आणि तो मानायलाच तयार नसेल तर शपथ घेऊन सांगावं. परीक्षा दर महिन्याला, आणि निकाल वडिलांना उघड्या पोस्टकार्डावर. "पहिल्या प्रकारात उत्तम. दुसऱ्यात बरी. तिसऱ्यात नापास, कारण मुलीच्या तोंडून शपथ निघत नाही." पोस्टमन हे दारात उभा राहून मोठ्यानं वाची आणि वर मला धीर देई. शपथ घेणं हे आमच्या शाळेत पाप होतं. शिवाय मोठ्यानं बोलणं मला कधी जमलंच नाही. "तुला साधं वाक्य पुरे," काका म्हणत, "तू विश्वास ठेवणारी." आणि खरोखरच मला त्यांनी कधी जोर देऊन काही सांगितलं नाही.

हे शास्त्र वापरायला पावसाळ्यात त्यांना सगळा घाट मिळे. घाटाला लागूनच दोन खोल्यांत ते राहत. कराडहून येणारी मोटार थांबली की प्रवाशांच्या आधी काका ड्रायव्हरला गाठत. वर पाऊस किती, संगमावर पाणी कुठवर, सगळं विचारून घेत आणि येऊन घाटाच्या पायऱ्या मोजत. लोक त्यांच्याकडेच विचारायला येत. काका आधी विचारणाऱ्याचा चेहरा निरखत. भोळ्या माणसाला "पाणी येणार." कपाळाला आठी दिसली तर "पाणी नक्की येणार हो, नक्की." आणि घाटावर फुलं विकणाऱ्या, काकांच्याच गल्लीत राहणाऱ्या सारजाबाईला दरवर्षी "कृष्णामाईची शपथ, पाणी येणारच!" कारण सारजाबाई कुणाचंच काही मानत नसे.

यातून घडलं भलतंच. शपथ सारजाबाईच्या हट्टासाठी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांनी धरून ठेवलं की शपथ म्हणजे मोठा पूर. काकांनी शपथ घेतली की गल्ली उठे. नुसतं "पाणी येणार" म्हटलं की सगळे निवांत चहा टाकत. मी हे काकांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझा स्वभाव.

त्या श्रावणात सकाळी मी धड्याला निघाले. नेहमीच्या रस्त्यावर चिखल, म्हणून मागच्या ओढ्याच्या वाटेनं गेले. नदीचं पाणी ओढ्यातून उलटं आत शिरलं होतं. काकांच्या परसातली तुळस दिसत नव्हती. मी गुडघाभर पाण्यातून पुढच्या दारी आले, तर काका घाटाकडे तोंड करून शांत बसलेले. गल्लीही शांत.

"काका, मागून पाणी आलंय."

"सात पायऱ्या कोरड्या आहेत," काका म्हणाले.

"खरंच आलंय काका. नक्की आलंय."

"उंबऱ्याला पाणी लागायच्या आधी पायऱ्या बुडतात. मी तीस वर्षं पाहतोय. बस, वही काढ."

घाटाकडे निघालेली सारजाबाई टोपली सावरत हसली. "आवं ताई, काकांनी शपथ कुटं घेतलीया? बसा की निवांत. पोरं निजल्यात माझी मागल्या खोलीत."

मागल्या खोलीत! गल्ली काकांच्या शब्दावर बसली होती आणि काका पायऱ्यांवर. पुढं जे झालं त्याचा धक्का मला अजून ओसरलेला नाही, कारण ते मी केलं. काकांचं मनगट धरलं आणि ओरडले, "कृष्णामाईची शपथ काका, पाणी घरात आलंय! उठा!"

काकांनी पहिल्यांदाच नदीकडे पाठ केली, आतलं दार उघडलं, आणि पाणी त्यांच्या पावलांवरून बाहेर आलं. ते तसेच गल्लीत धावले. "शपथ! कृष्णामाईची शपथ! उठा!" सारजाबाई केव्हाच टोपली टाकून पोरांकडे पळाली होती. दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. जीव एकही गेला नाही. काकांच्या पेटीतली पायऱ्यांची आणि पाण्याची तीस वर्षांची टिपणं मात्र गेली.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "तिसऱ्या प्रकारात उत्तीर्ण. शिक्षक नापास."

पुढे काका वाईला त्याच थोरल्या भावाकडे राहायला गेले. माझं लग्न होऊन मी साताऱ्याला आले. ते दर महिन्याला कार्ड पाठवत, एका ओळीचं, साधं. "पाऊस आहे." "भाऊ भांडतो." "पाणी उतरलं." मीही साधंच उत्तर लिही.

या महिन्याचं कार्ड काल आलं. अक्षर वाकडं झालं आहे. "मी बरा आहे. खरोखर बरा आहे. कृष्णामाईची शपथ."

मी उद्या सकाळच्या मोटारीनं वाईला निघते आहे.