खाला आणि पाकिटावरची बारीक अक्षरं

रोह्याच्या खाला बिस्किटाचा साधा पुडासुद्धा चारी बाजूंनी तपासल्याशिवाय घरात आणत नसत. पण कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या, की मटण सोडून समोर येईल ते एक शब्द न विचारता खात. शोध आपल्या घरात घ्यावा, दुसऱ्याच्या घरात घेतला तर खिलवणाऱ्याचा अपमान होतो, असं त्यांचं मत होतं.

मी कासूजवळच्या एका गावातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. माझी गाडी रोह्याला लवकर पोचायची आणि वर्ग उशिरा भरायचे, म्हणून एका मैत्रिणीच्या ओळखीने मी खालांच्या ओटीवर अभ्यासाला बसू लागले. खाला घरी ऑर्डरचे केक करत. शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, त्यामुळे पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला त्यांना मी आयतीच सापडले. चहा पुढ्यात ठेवून म्हणत, "वाच गो, कायकाय घातलाय त्यात."

केक मऊ राहावा म्हणून बाजारात एक जेल मिळतं. त्यात ४७१ नंबरचा पदार्थ होता. मी कॉलेजातल्या सरांना विचारून आले. तो चरबीपासून करतात. चरबी वनस्पतीची असू शकते, जनावराचीही. वनस्पतीची असेल तर चालणार, जनावराची असेल तर कुठलं जनावर, कसं कापलं, हे प्रश्न आलेच. खालांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे नंबर काय हाय ते सांगतो, कुठनं आला ते नाय सांगत. माणसाचं उलटं हाय. त्याला आधी कुठनं आला तेच इचारतात."

मग मी त्यांना शाकाहाराचा हिरवा ठिपका शोधायला शिकवलं. तो असला की चरबीची काळजी मिटे. "तुमच्या उपासवाल्यांचे उपकार," म्हणून त्या हसत. इसेन्समधल्या अल्कोहोलचं मात्र ठिपक्यावरून कळत नसे, म्हणून त्यांच्या केकला कायम वेलचीचा वास. शेजारणी एखादं चॉकलेट दाखवून हे हराम आहे का विचारत, तर त्या सांगत, "मला शंका हाय म्हणून मी खात नाय. तुझ्या ताटातला ठरवणारी मी कोण?"

मी पदवीधर झाले तेव्हा आईने त्यांना जेवायला बोलावलं. शहरातल्या बाईला आपलं साधं जेवण कसं वाढायचं, या काळजीने ती पेणच्या बाजारातून जेलीचं पाकीट घेऊन आली. तिला वाचता येत नाही. कृती दुकानदाराला विचारून पाठ केलेली. लालभडक जेली वाटीत थरथरत होती आणि आई खालांच्या चमच्याकडे बघत होती. चुलीपाशी रिकामं पाकीट पडलं होतं. मी ते उचललं. हिरवा ठिपका नव्हता. आत जिलेटिन होतं.

खाला विचारणार नव्हत्याच. मी गप्प बसले असते तर त्यांनी जन्मभर जपलेलं आमच्या घरात मोडलं असतं. बोलले तर आईचा एवढा हौसेचा पाहुणचार वाया जाणार होता. मी सांगितलं, की हे जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात.

खालांनी चमचा खाली ठेवला. पण त्यांच्याआधी आईचाच चेहरा उतरला. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी आई अंड्यालाही शिवत नाही, आणि जेली जमली का ते तिने चाखून पाहिलं होतं.

"आता माझ्या गुरुवाराचा काय गो?"

खालांनी तिचा हात धरला. "नकळत झालं, वैनी. नकळत झाल्याला गुना नाय. आमच्यात नाय, मग तुमच्यात कसा असंल?"

"तुमच्या मौलवींना माझं पण इचारून ठेवा," आई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. शेवटी दोघींनी भाकरी आणि गूळ खाल्ला.

मी आज एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. पदवी कॉलेजने दिली, पण कुठल्याही पदार्थाला तो कुठून आला हे विचारायची सवय त्या ओटीवर लागली.

गेल्या वर्षी खालांच्या मुलाने त्यांना कायमचं कतारला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी आई माझ्याबरोबर रोह्याला आली, घरच्या पोह्याच्या पापडांचा डबा घेऊन. खालांनी झाकणाला हातही लावला नव्हता, तोच आईने सुरू केलं, "पोह्याचं पीठ, मीठ, मिरी, हिंग, पापडखार. हिंग नि खार पोरीकडनं वाचून घेतलेत."

"मी इचारलं काय, वैनी?"

"तुम्ही इचारत नाय, म्हणून सांगते," आई म्हणाली, आणि पीठ मळायला पाणी कुठल्या विहिरीचं घेतलं तेही तिने सांगितलं.