बांधापलीकडचा तांबेरा

“थांबा पावणं! गुंडूच्या रानातनं आलासा न्हवं? आदी धोतार झाडा.”

कोडोलीच्या दौलूतात्यांशी माझी ओळख झाली ती अशी, बांधावरच. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि मी शेतकी खात्यात नवाच लागलो होतो. माझ्या धोतराला गव्हाच्या पानांवरची तांबूस पूड लागली होती. तोच तांबेरा. गुंडू हा तात्यांचा चुलतभाऊ, आणि तोच मुद्दाम आपल्या गव्हावर रोग सोडतो, अशी तात्यांची पक्की खात्री होती.

तात्यांचा कुणावरच विश्वास नसे. चहा पाजतानाही, हा आला तरी कशाला, अशा नजरेनं बघत. पूर्वी दोघा भावांचा पैरा होता. एकेक बैल घालून दोन्ही रानं पेरायचे. संशयापायी तात्यांनी तो मोडला. मग दुसऱ्या बैलासाठी दारोदार फिरण्यात दोघांचीही पेरणी लांबायची, आणि उशिराच्या कोवळ्या गव्हावर तांबेरा तुटून पडायचा. “हा रोग वाऱ्यावर येतो तात्या, वेळेत पेरा, नवं बियाणं घ्या,” हे सांगून माझा घसा बसला.

“सरकारला माज्या गव्हाचा एवढा पुळका कशापायी?” हे त्यांचं उत्तर.

तरी थोडं बियाणं त्यांनी घेतलं, एक पट्टा पेरला. बाकी सगळं घरचं. माघात घरचा गहू तांबडा झाला, पट्टा हिरवागार राहिला. आता तरी पटेल म्हटलं, तर छे!

“बियाणं खपावं म्हणून तुमीच सोडलासा व्हय?”

तेव्हा मात्र तात्यांच्या पत्नी, काकू, कडाडल्या, “गुंडूभावजींच्या रानात जाऊन बगा की! मूठभर दाणं न्हाईत. सोताच्या गव्हावर कोण रोग सोडतंय?”

तात्या उठून गुंडूच्या रानात बघून आले. पण बैल घेऊन गुंडूच्या दारात जायला त्यांना दसरा उजाडला. गुंडूनं आपला बैल बाजारात विकला होता. बायकापोरांसह इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला निघाला होता.

“लई उशीर केलासा दादा,” एवढंच तो म्हणाला.

त्या वर्षी तात्यांनी भाड्याचा बैल आणून वेळेत पेरलं, सगळं रान नव्या बियाणानं. गहू असा आला की मी खुशीत बांधावर उभा राहिलो. पलीकडं गुंडूचं रान पडीक होतं. तात्या तिकडंच बघत होते. मला फार वाईट वाटलं.

“तांबेरा न्हाय बगा, सायेब,” ते म्हणाले. “आता कुणाच्या नावानं वरडू?”