तीस दिवसांचा बिल्ला

माझी धाकटी जाऊ देवयानी लेस्टरमध्ये एकवीस वर्षं केअरर आहे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं आणि घरी येऊन त्यांच्यावरून माझ्याशी भांडायचं. हट्टी बाई. नव्व्याण्णव वर्षांच्या मिस्टर लोरेन्झना तिनं शब्द दिला होता, की त्यांना त्यांच्या घरातून कुणी हलवणार नाही. असले शब्द देऊ नयेत, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

लोरेन्झ जर्मन. दुसऱ्या महायुद्धात कैदी म्हणून आले, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिले, मोज्यांच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायचे. हल्ली त्यांना शर्टाची बटणंही लावता येत नव्हती.

गेल्या खंडेनवमीला आमच्याकडे शिवणयंत्र, सुऱ्या, देवयानीचं बीपीचं मशीन, सगळ्यांची पूजा झाली. तिथून ती लोरेन्झकडे गेली. एवढा कारागीर माणूस, आणि त्याच्या अवजारांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, याचं तिला वाईट वाटलं. तिनं पक्कड, कानस, स्क्रू-ड्रायव्हर पुसून ताटात मांडले. अवजारांच्या खोक्याच्या तळाशी फडक्यात एक काळवंडलेली पट्टी सापडली. दोन्हीकडे पानं, मध्ये फुलीसारखं काहीतरी. कारखान्याचा बिल्ला असेल असं समजून बाईंनी तो चिंचेनं लख्ख घासला, कुंकू लावलं आणि त्यांना हाक मारली.

ते आले. अंगठ्यानं कुंकू पुसून त्याचा वास घेतला. वाकलेली पाठ ताठ झाली. "थर्टी," ते म्हणाले, आणि बिल्ला स्वतःच्या हातानं स्वेटरवर लावला.

देवयानीनं त्यांच्या मुलीला, हेलनला, फोन केला. हेलन म्हणाली, "ती फुली म्हणजे संगीन आणि हातबॉम्ब. शत्रूला हात लावता येईल इतक्या जवळून लढलेल्या दिवसांचा बिल्ला आहे तो. रुपेरी म्हणजे तीस दिवस. आईनं तो लपवायला लावला होता."

"त्यांचं काही खरं नाही, तुझ्या केअर कंपनीच्या ऑफिसला सांग," ती घरी आल्यावर मी म्हटलं.

"वहिनी, रिपोर्ट केला तर वीकेंडच्या आत त्यांना केअर होममध्ये टाकतील. मी प्रॉमिस केलंय."

"आणि तुला काही झालं तर?"

"काहीतरीच तुमचं!"

त्या दिवसापासून ते भिंतीला पाठ लावून उभ्यानंच जेवायला लागले. टीव्ही बंद करून पावलं ऐकायचे. कानस कुठे गेली ते कळलं नाही. तरी देवयानी रिपोर्ट करेना. मला भीती वाटायची आणि तिचा रागही यायचा.

मंगळवारी तिनं किल्लीनं दार उघडलं. ते दारामागेच उभे होते. एका हातानं त्यांनी तिचं मनगट धरलं, दुसऱ्यानं कानस तिच्या गळ्याला टेकवली आणि तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"थर्टी-वन," ते हळूच म्हणाले.

ती हलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांची नजर विझली, आणि चहा झाला का, असं विचारत ते आत गेले.

देवयानीनं जिन्यावर बसूनच ऑफिसला फोन केला. शुक्रवारी केअर होमची दोन माणसं गणवेशात गाडी घेऊन आली. लोरेन्झ दारात आले, त्यांनी ते गणवेश पाहिले, दोन्ही हात डोक्यावर धरले आणि निमूटपणे चालू लागले.

"हँड्स डाउन, मिस्टर लोरेन्झ, प्लीज," देवयानी रडत म्हणत राहिली. गाडी वळेपर्यंत ते हात खाली आले नाहीत.